काउंटरवरचं पाकीट आणि तव्यावरचं थालीपीठ: इंदूरच्या एका भाजणीचं प्रकरण

रामबागेतली माझी मावशी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि लसणीची सुकी चटणी करून विकते. तिचा हिशेब माझ्याकडे असतो. हिशेब म्हणजे सियागंजच्या घाऊक बाजारातून आलेल्या धान्या-डाळींची बिलं, उधारीची वही आणि मार्चमध्ये आम्हा दोघांचं ठरलेलं भांडण. २०१९ साली निवृत्त झाल्यावर तिने बाहेरच्या खोलीत मोठी घरघंटी बसवली, अन्न सुरक्षेची नोंदणी काढली आणि शेजारच्या दोघींना हाताशी घेतलं. तीन वर्षांनी अवस्था अशी होती की मालाला नाव ठेवायला जागा नाही, पण खप काही हलत नाही. गणपतीत आणि दिवाळीत स्टॉलवर पाकिटं उडायची. बाकीचे दहा महिने राजेंद्र नगरातले दोन किराणावाले २० टक्के कापून घ्यायचे, पैसे दोन-दोन महिन्यांनी द्यायचे आणि पावसाळ्यात न खपलेली पाकिटं परत पाठवायचे. "परत आलेली भाजणी काय गायीला घालू?" हा मावशीचा दर श्रावणातला प्रश्न.

मग तिने एका हॉटेलाशी हातमिळवणी केली. हॉटेल शहराच्या पश्चिम भागातलं, १४ टेबलांचं, मालक मराठी. नाव इथे घेत नाही. आकडे आमच्या वहीतले आहेत.

जांगडीवरची ४० पाकिटं

सुरुवात सगळे करतात तशीच केली. २०२२च्या दिवाळीआधी मावशीने मालकांना गाठलं. "दादा, तुमच्या काउंटरवर आमची पाकिटं ठेवा, खपतील तेवढ्याचे पैसे द्या." मालक भला माणूस. "ठेवा की काकू, त्यात काय!" म्हणाले. भाजणीची ४० पाकिटं जांगडीवर दिली. प्रत्येकी अर्धा किलो, छापील किंमत १४० रुपये.

दोन महिन्यांत ९ खपली. त्यातली ४ आमच्याच नातेवाइकांनी नेली होती, हे मला नंतर कळलं.

मी एका संध्याकाळी काउंटरपाशी तासभर बसून पाहिलं. जेवून उठलेला माणूस बिल देतो, बडीशेप तोंडात टाकतो आणि चपला शोधतो. पोट भरलेलं असताना अनोळखी पीठ विकत घ्यायची बुद्धी कुणाला होणार? वर पाकिटांचा स्टँड तंदूरच्या मागच्या भिंतीला टेकवलेला. ती भिंत दिवसभर कोमट असते. जानेवारीत परत आणलेल्या पाकिटांतली भाजणी हुंगून मावशीने सरळ बाजूला ठेवली, वास उडाला होता. मालकांचा यात दोष नव्हता. त्यांचा एक पैसा त्या मालात अडकलेला नव्हता, तेव्हा तो कुठे ठेवला याची त्यांना फिकीर का असावी? जांगडीच्या मालाचं बहुधा असंच होतं.

दुसरी गोष्ट इंदूरची. होळकरांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत आणि त्या घरांना थालीपीठ नवं नाही. पण बाहेर पैसे मोजून खायची ती वस्तूच नव्हे. "घरी करतो की" असं म्हणून जी मंडळी ताटातलं थालीपीठ नाकारणार, त्यांच्याच भरवशावर आम्ही पाकिटं मांडून बसलो होतो.

एका ताटाचा भाव

थालीपीठ मेनूवर घ्या, ही सूचना मावशीची. मालकांनी विचारलं ते रास्त होतं, "काकू, ताट पडेल केवढ्याला?" आम्ही पुढच्या मंगळवारी कागद घेऊन गेलो.

एका ताटात दोन लहान थालीपिठं, मिळून १२० ग्रॅम भाजणी. दोन किलोच्या पिशवीचा भाव किलोला १९० लावला, म्हणजे भाजणी २२ रुपये ८० पैशांची. दही ६, लोणी ९, चटणी १५ ग्रॅम म्हणजे ६, कांदा-कोथिंबीर-तेल ९. सगळं मिळून ५३ रुपयांच्या आत-बाहेर. साहित्य विक्रीच्या तिसऱ्या हिश्शात बसलंच पाहिजे, हा मालकांचा नियम. उरलेल्यातून गॅस, भाडं, पगार, वीज आणि फुटलेल्या बश्या निघायच्या असतात. १५० रुपये भाव लावला तर ३५ टक्के होत होते. त्यांनी लोण्यावर बोट ठेवलं. मावशीने ते बोट उचललं आणि भाव १६० ठरला.

आमच्या बाजूचा हिशेब असा. धान्य-डाळी किलोला ८० रुपये, गॅस आणि दळण १८, मजुरी ४०, म्हणजे १३८. मोठ्या पिशवीचं पॅकिंग किलोमागे ७. तेव्हा १९० रुपयांत ४५ सुटतात. किराणावाल्याकडून किलोमागे ६८ सुटायचे, पण कागदावर. परत आलेली पाकिटं आणि अडकलेले पैसे वजा केले की त्यातलं किती हाती लागतं, हे मावशीलाही ठाऊक होतं.

कराचा एक मुद्दा लहान उत्पादकाच्या बाजूने पडतो आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. साध्या हॉटेलाला ५ टक्के जीएसटी लागतो, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ही व्यवस्था नोव्हेंबर २०१७ पासूनची. म्हणजे पुरवठादाराने लावलेला कर हॉटेलच्या खिशातूनच जातो. मावशीची उलाढाल ४० लाखांच्या कितीतरी खाली, त्यामुळे तिला जीएसटी नोंदणी लागत नव्हती आणि तिच्या बिलावर कर नव्हता. मोठ्या कंपनीच्या तयार पिठाशी तुलना करताना मालकांनी हे स्वतःच हेरलं.

नोंदणी मात्र लागतेच, अन्न सुरक्षेची. परवानाधारक हॉटेलने माल नोंदणीकृत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची, ही त्यांच्याच परवान्यातली अट आहे. बिलावर नोंदणीचा १४ आकडी क्रमांक छापणं २०२२च्या जानेवारीपासून सक्तीचं झालं. आमच्या वेळी १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत साधी नोंदणी चालायची. इथे मावशीची एक चूक झाली. पहिली खेप तिने पांढऱ्या पिशवीत भरून मार्करने "भाजणी" लिहून पाठवली. घरच्या लग्नाला पाठवतात तशी! मालकांनी ती परत केली आणि बरं केलं. तारीख, बॅच, घटक, पत्ता आणि "किरकोळ विक्रीसाठी नाही" असा शिक्का घेऊन पिशव्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये थालीपीठ मेनूवर आलं. मावशीच्या भाजणीचं नाव त्याच ओळीत छापलेलं.

सत्तर ग्रॅम

पहिल्याच महिन्यात रोज सरासरी १२ ताटं गेली, भाजणी ४३ किलो. मागवणारे बहुतेक मराठी नव्हते, माळवी, जैन, सिंधी कुटुंबं होती. आणि काउंटरवर जी पाकिटं दोन महिन्यांत ९ खपली होती, ती आता महिन्याला ६०च्या आसपास जायला लागली. स्टँड तंदूरपासून हलवून गल्ल्याशेजारी आणला होता, पण खरं कारण वेगळं. ताट उचलताना वेटर सांगायचा, "यही आटा है, घर ले जाइए." एका पाकिटामागे हॉटेलचे २५ रुपये ठरले होते. त्यातले ५ मालक विकणाऱ्या पोराला देत, हा त्यांचाच निर्णय. पाकिटं घेणाऱ्यांत मराठी सुनाही होत्या, ज्यांच्या घरी आता भाजणी भाजायला कुणी बसत नाही. "घरी करतो की" म्हणणारी मंडळी पाकीट मात्र गुपचूप नेत होती!

जूनमध्ये मावशीला एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "तुमची भाजणी पूर्वीसारखी राहिली नाही हो. परवा हॉटेलात खाल्लं, चक्क पराठा होता." मावशी दिवसभर गप्प होती. मी वही काढली. जूनच्या ताटांचा आकडा मालकांच्या केओटीवरून, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवरून, मागवला, ३७० निघाली. आमच्याकडून गेलेली भाजणी २६ किलो. भागाकार केला. एका ताटामागे ७० ग्रॅम.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते फसवणूक. नाव आमचं आणि पीठ दुसऱ्याचं. मी मालकांना फोन लावायला निघालो होतो. मावशी म्हणाली, "थांब. आधी महाराजांना भेटू. आत्तापर्यंत आपण त्यांना भेटलोच नाही."

हे खरं होतं. भाव, मेनू, लोणी, कर, शिक्का, सगळं आम्ही मालकांशी बोललो. ज्याच्या हातून थालीपीठ व्हायचं, त्या आचाऱ्याचं तोंडही पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं.

दुपारी चार वाजता

चारला हॉटेलाचं स्वयंपाकघर शांत असतं. महाराज राजस्थानकडचे, पन्नाशीचे, दालबाटीपासून पनीरपर्यंत सगळं एका हाताने काढणारे. मावशीने विचारलं तसं त्यांनी काहीही लपवलं नाही. "माताजी, रश में कौन थापेगा?"

मग त्यांनी करून दाखवलं. सकाळी कांदा-मीठ घालून मळलेला गोळा रात्रीपर्यंत पातळ होतो, कारण मिठाने कांद्याला पाणी सुटतं. तो उचलला की तुटतो. ओल्या फडक्यावर थापायचं, तव्यावर उलटायचं, भोकं पाडून तेल सोडायचं, झाकण ठेवायचं, मंद आचेवर सहा-सात मिनिटं थांबायचं. चार शेगड्यांपैकी एक तेवढा वेळ अडकली तर रोट्या कुठे भाजायच्या? म्हणून त्यांनी भाजणीत बेसन आणि कणीक घातली, पीठ लाटण्याजोगं झालं आणि दोन मिनिटांत ताट बाहेर. मालकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. फुटलेलं थालीपीठ गिऱ्हाइकापुढे ठेवायची लाज वाटली म्हणून महाराजांनी आपल्या परीने मार्ग काढला होता.

मावशीने पदर खोचला. पाणी उकळायला ठेवलं आणि अर्ध्या भाजणीवर ते कढत ओतून झाकून ठेवलं. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्याने त्यांचा पिष्ट फुलतो आणि पीठ धरतं. पंधरा मिनिटांनी उरलेली भाजणी त्यात मळली. कांदा घातलाच नाही, तो थापण्याच्या वेळी घालायचा. पंचा आम्ही घरून नेला होता, पण महाराजांनी दुधाची पिशवी कापून तिला तेल लावलं आणि तिच्यावर थापलं. पंच्यापेक्षा ती बरी निघाली, मावशीने ते जागीच कबूल केलं. पहिलं थालीपीठ उलटताना तिघांनीही श्वास धरला होता. अखंड सुटलं, कडेने तेल चुरचुरत होतं. महाराजांनी एक तुकडा तोडला, लोण्याशिवाय खाल्ला आणि दुसरा तोडला.

वेळेचा प्रश्न त्यांनीच सोडवला. संध्याकाळी सहाला वीस-पंचवीस थालीपिठं अर्धी भाजून ठेवायची आणि ऑर्डर आली की झाकणाखाली दोन मिनिटं. कडक होतात, पण कच्ची राहत नाहीत. त्यांची आणखी एक मागणी होती, दळण थोडं बारीक हवं. "आणि गहू जरा वाढवला तर?" त्यावर मावशीने मान हलवली. दळण बदलते, प्रमाण बदलणार नाही. पाकिटात एक आणि ताटात दुसरी, असं व्हायला नको होतं.

त्या दिवसापासून हॉटेलची पिशवी दोन किलोची न राहता ६०० ग्रॅमची झाली, म्हणजे बरोबर पाच ताटं. पाण्याचं माप म्हणून तिथलाच एक स्टीलचा पेला ठरवला आणि त्यावर लाल रंगाची रेघ मारली. पॅकिंगचे किलोमागे ३ रुपये वाढले, ते मावशीने सोसले. मला पटलं नव्हतं, अजूनही पटलेलं नाही. जुलैत ३४० ताटं गेली आणि भाजणी ४१ किलो. भागाकार मी त्याच रात्री केला.

एक पान

यानंतर ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्यांदा कागद केला. तोवर सगळं तोंडीच होतं. एकच पान, दोन सह्या. मेनूवर भाजणीचं नाव राहील ते तीच भाजणी वापरली जाईल तोवरच, बंद केली तर सात दिवस आधी सांगायचं आणि नाव खोडायचं. पैसे पंधरा दिवसांनी. डाळींचे भाव फार हलले तर तीन महिन्यांनी फेरविचार. मावशीला किंवा मला केओटीची महिन्याची बेरीज पाहता येईल. मालकांना वाटत होतं की शहरात दुसऱ्या कुठल्याच हॉटेलाला माल देऊ नये. मावशी एका रस्त्यापुरती आणि एका वर्षापुरती कबूल झाली. माझ्या मते या पानावरचं सगळ्यात कामाचं कलम केओटीचं आहे. ताटांचा आकडा दिसला नसता तर ७० ग्रॅम कधीच कळले नसते.

पैशांच्या मुदतीबद्दल एक सांगायला हवं. मावशीने उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली होती, ती फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्याला आयकराची जोड मिळाली. अशा उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च देणाऱ्याला वजा धरता येत नाही. मालकांना हे त्यांच्या सीएने सांगितलं. मार्च २०२४ मध्ये त्यांचा स्वतःहून फोन आला, "काकू, काही बाकी राहिलंय का?" मावशीला या प्रेमाचं कारण मी संध्याकाळी समजावून सांगितलं.

चटणीची गोष्ट थोडक्यात. इंदुरी माणसाला ताटावर काहीतरी भुरभुरल्याशिवाय जेवण लागत नाही. पोह्यांवर शेव आणि जीरावन नावाचा मसाला, दहीवड्यावरही मसाला. तेव्हा लसणीची चटणी टेबलावर ठेवली तर ती खपणार हे उघड होतं आणि खपलीही, इतकी की मालक घाबरले. १४ टेबलांवर रोज २८० ग्रॅम, म्हणजे ११२ रुपयांची चटणी फुकट जाते! तीन आठवड्यांत बंद केली. पावसाळी हवेत उघड्या बरणीतलं खोबरं खवट होऊ लागलं होतं हेही एक कारण. त्यातून एक गोष्ट मात्र टिकली. जैन कुटुंबांसाठी लसूण-कांद्याविना कारळ्याची चटणी आणि दुधी किसून केलेलं थालीपीठ, चातुर्मासात कोथिंबीरही वगळून. ही मागणी वेटरने आणली, मेनूवर ती वेगळी ओळ झाली आणि आज कारळ्याचं पाकीट लसणीच्या बरोबरीने जातं.

मधल्या काळात दोन ठिकाणी नकारही दिला. भंवरकुआँच्या एका मेसला भाजणी किलोला ११० रुपयांत हवी होती, आम्हाला ती १४५ला पडते. एका पोहेवाल्याने जीरावन मागितलं. सियागंजाच्या उंबऱ्यावर बसून इंदूरच्या पोहेवाल्याला जीरावन विकायचं धाडस मावशीत नव्हतं, माझ्यातही नाही.

एका हॉटेलातून महिन्याला सुटतात ते साधारण ४,००० रुपये. ताटाच्या भाजणीचे १,७००-१,८०० आणि पाकिटांचे २,२००च्या आसपास. रक्कम मोठी नाही. पण पाकिटामागच्या नंबरवर फोन करून थेट मागवणारी जी नवी घरं मिळाली, त्यांनी किराणावाल्यांची गरज जवळपास संपवली. त्या श्रावणात एकही पाकीट परत आलं नाही.

२०२४च्या दिवाळीआधी महाराजांनी ते हॉटेल सोडलं. पगाराचं काही असावं, आम्ही विचारलं नाही. दहा दिवसांनी विजय नगरातून एका अनोळखी मालकांचा मावशीला फोन आला. त्यांच्या नव्या आचाऱ्याने थालीपीठ सुचवलं होतं आणि पीठ याच बाईंचं लागेल असं सांगितलं होतं. रस्ता वेगळा, तेव्हा करार आड येत नव्हता. पहिली ऑर्डर ६०० ग्रॅमच्या दहा पिशव्यांची.

जुन्या हॉटेलात आता नवा मुलगा आलाय, पंचविशीचा, चायनीज चांगलं करतो म्हणे. त्या महिन्याचा भागाकार ८५ ग्रॅमवर आला. मावशीने मला गाडी काढायला सांगितली, पिशवीत लाल रेघेचा नवा पेला आणि धुतलेल्या दुधाच्या चार पिशव्या घातल्या आणि घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते.